पाणी राखणारी पोर

भागीरथेची कंबर दुपारीच गेली होती, पण रोवणीच्या ओळीत कंबर गेली म्हणून कुणी थांबत नाही. बाया मागं मागं सरकत धानाचं एकेक रोप चिखलात खोवत होत्या, वरून पावसाची भुरभुर चालली होती, आणि भागीरथेचे हात आपसूक चालले होते. डोळे मात्र धुऱ्यावर, शेताच्या मातीच्या बांधावर होते. तिची सगुणी पुन्हा निघाली होती. तेरा वर्षांची पोर, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पायांच्या काड्या झालेल्या, मान खाली घालून खालच्या बांधीकडं, म्हणजे खालच्या धानाच्या तुकड्याकडं, चाललेली. सकाळपासूनची ही कितवी खेप हे भागीरथेनं मोजलं नव्हतं. ते मोजत बसलं असतं तर रोवणी राहिली असती.

खालच्या बांधीच्या धुऱ्याला पाणी काढून द्यायचं एक तोंड होतं. तलावाच्या पाण्याची पाळी आली आणि बांधी भरली, की चिखलाची ढेकळं आणि गवत कोंबून ते तोंड बुजवायचं. मग पाणी रोपांच्या पायाशी उभं राहतं. उघडं राहिलं तर सगळं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत. एवढंच ते काम, आणि एकदा केलं की कुणी त्याच्याकडं परत ढुंकून बघत नाही. सगुणी बघायची. जायची, वाकायची, बुजवलेल्या चिखलावर तळवा दाबायची, कान लावून पाणी झिरपतं का ते ऐकायची, उठून चार पावलं यायची आणि तिथूनच परत फिरायची. कधी तिसऱ्यांदा, कधी सातव्यांदा तिचं समाधान व्हायचं. ते अर्धा तास टिकायचं.

गावाला मात्र या गोष्टीचं केवढं कौतुक! कोसमटोल्यात कुणाची पोरगी पाऊस लागला की घरात पळायची, कुणाची धुऱ्यावर बसून काकडी खायची, आणि मुखरूची पोरगी बघा, पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नाही. बाया आपल्या पोरींना सगुणीचं नाव घेऊन टोमणे मारायच्या. जमीनदारांची मालगुजारी जाऊन पाच वर्षं झाली होती, तलाव सरकारचा झाला होता, म्हणजे कुणाचाच राहिला नव्हता, आणि पाण्यावरून भावाभावांत काठ्या निघायच्या. अशा दिवसांत पाणी राखणारी पोर म्हणजे घरात आलेलं सोनं. गावाला कौतुक करायला काय जातं! रोज संध्याकाळी त्या पोरीच्या पायाच्या चिखल्यांना कडू तेल चोळायला गाव येत नव्हतं.

तिचा बाप मुखरू तर हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला होता. तो वाईट माणूस नव्हता. पोरीवर त्याचा जीव होता, आणि दोन वर्षांपूर्वी त्याचा चार वर्षांचा मुलगा लटारू गेल्यापासून त्याला जगात अभिमान वाटावा अशी हीच एक गोष्ट उरली होती. ती सोडून दे असं त्याला कुणी सांगायचं? भागीरथेनं एकदोनदा सांगून पाहिलं होतं, की पोर जेवत नाही, दोन घास खाऊन उठते, दाराची कडी बघते, चुलीतला विस्तव बघते, बकऱ्यांचं कुडाचं दार बघते, आणि परत पहिल्यापासून सुरू करते. मुखरू म्हणायचा, जबाबदारीची जाण आहे पोरीला. पुढं बोलणं खुंटायचं.

भागीरथेला वाटायचं, आपल्याला याचं नाव तरी माहीत असायला हवं होतं. तापाला नाव आहे, खोकल्याला आहे, हगवणीला आहे. नाव असलं की शेजारणीला सांगता येतं, औषध मागता येतं. हे काय म्हणून सांगायचं? माझी पोर फार काम करते म्हणून?

तिनं आपल्या परीनं सगळं करून पाहिलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मुखरूच्या मागं लागून पोरीला बैलगाडीनं तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला होता. त्यानं सगुणीच्या पापण्या उलटून पाहिल्या, जीभ पाहिली, रक्त कमी आहे म्हणाला, लाल औषधाची बाटली दिली. भागीरथेनं धीर करून तोंड बुजवण्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, माझ्या मुलालाही जरा शिकवा. बाटली संपेपर्यंत पोरीनं औषध नेमानं घेतलं. नेमानं म्हणजे फारच नेमानं. झाकण लागलं की नाही हे बघायला ती तीनदा उठायची.

नंतर भागीरथा गावच्या पुजाऱ्याकडं गेली. त्यानं तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, पोरीला बाहेरचं आहे. पाण्याजवळचं काहीतरी लागलं आहे, ते तिला पाण्याकडं ओढून नेतं. उतारा काढता येईल, पण आधी गावात सांगावं लागेल. भागीरथा तिथून पदर सावरत उठली आणि त्याबद्दल घरीसुद्धा बोलली नाही. कारण गावात सांगायचं म्हणजे काय हे तिला पक्कं माहीत होतं. कोसमटोल्यात आणि आसपासच्या दहा गावांत बाहेरचं असलेल्या बाईनं उभ्या धानात पाय ठेवायचा नसतो. बियाण्याला हात लावायचा नसतो. रोवणीच्या ओळीत तिला कुणी घेत नाही, तिच्या हातचं पाणी पीत नाही. आणि एकदा लागलेलं ते नाव उतारा काढल्यावर उतरतं असं भागीरथेनं तरी कधी पाहिलं नव्हतं. तिची स्वतःची आत्या अशीच घराच्या मागच्या पडवीत म्हातारी होऊन मेली होती. नको. नाव नसलेलं दुखणं परवडलं.

अशात त्या श्रावणात भैयाजी स्थळ घेऊन आला.

भैयाजी मुखरूचा मावसभाऊ. सोयरिकी जुळवणं हा त्याचा धंदा नव्हता, पण व्यसन होतं. अंगणात पाय धुताधुताच त्यानं सुरुवात केली. तीन कोसांवर डोंगरगाव, तिथं वच्छलाबाई म्हणून विधवा बाई आहे, एकुलता एक मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, बारा एकर धान. मुलगा सरळ आहे. सगुणीची कीर्ती तिकडंपर्यंत गेली आहे. त्या बाईनं स्वतःहून विचारलं, अशी पोर मला मिळेल का? भागीरथा म्हणाली, पोर अजून लहान आहे, सरकारनं कायदाही केला म्हणतात. भैयाजी हसला. सरकार यंदा नागपूरहून उठून मुंबईला चाललं आहे, त्याला आपल्या मांडवात यायला कुठली सवड, म्हणाला. मुखरूलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा हसला होता, आणि ते बघून भागीरथेनं पुढचं बोलणं सोडून दिलं.

त्या भागात मुलगी बघायची ती घरात पाटावर बसवून नाही. पावसाळ्यात सोयरीक निघाली तर मुलाकडची माणसं रोवणीलाच येतात. मुलीला कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. पाहुणी बाई धुऱ्यावर छत्री घेऊन उभी राहते आणि मुलीचा हात कसा चालतो, ती ओळ धरते का, सरळ खोवते का हे बघते. पसंत पडली तर स्वतः चिखलात उतरून तिच्या शेजारी चार रोपं लावते. बाईनं चिखलात पाय घातला की सोयरीक ठरली. मग नंतरचं कुंकू, सुपारी हे सगळं फक्त पार पाडायचं. वच्छलाबाई सोमवारी येणार असं ठरलं.

भागीरथेचा जीव टांगणीला लागला. इथं निदान आपण आहोत, तिला वाटायचं. पोर सातव्यांदा परत फिरली तर आपण ओरडत नाही. जेवणावरून उठली तर ताट झाकून ठेवतो. ओल्या लुगड्यानं तशीच आडवी झाली तर लुगडं बदलायला लावतो. त्या घरी कोण करणार? बारा एकर म्हणजे किती धुरे आणि किती तोंडं? हिशेब करवत नव्हता. वर्षभरात पोर झिजून मरेल, आणि लोक म्हणतील, किती कामाची होती हो.

रविवारी सकाळी ती सगुणीला घेऊन बोडीवर धुणं धुवायला गेली. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाचं लहानसं तळं. तिथून खालच्या बांधीचं तोंड दिसत नाही, म्हणून मुद्दाम तिथं. पोरीचं लक्ष धुण्यात नव्हतं. एक पोलकं ती तीनदा पिळत होती. भागीरथेनं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि जवळ बसवून विचारलं. रागावून नाही. रागावण्याइतकी ताकदच तिच्यात नव्हती.

"काऊन जातं तू सारखी सारखी? मले सांग. मी बाले नाई सांगत."

 सगुणी पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत म्हणाली, "लटारू गेला ना."

"मंग?"

"त्या दिवशी तोंड उघडं राह्यलं होतं. मी बुजवलं नव्हतं."

भागीरथेला पहिल्यांदा काही कळेना. मग हळूहळू आठवलं. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस. सगुणीला तोंड बुजवायला सांगितलं होतं, ती खेळात विसरली, आणि संध्याकाळी बांधी कोरडी पडलेली दिसली. भागीरथा दिवसभराची थकलेली होती. ती पोरीवर ओरडली होती. शब्द आता पुरते आठवत नव्हते, पण कोणतीही आई ओरडते तसेच काहीतरी. तुझ्या हातानं एक दिवस घरातलं सगळं वाहून जाईल, असं. त्याच रात्री लटारूला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. पोराच्या जाण्याच्या आकांतात पाण्याची गोष्ट भागीरथेच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. त्या वर्षी हिवतापानं गावात सहा लेकरं गेली होती. पाचांच्या घरची तोंडं बुजवलेलीच असतील.

ती हे सगळं पोरीला बोलली. पोरीचे दोन्ही हात धरून, पुन्हा पुन्हा. ताप डासांनी येतो, त्या वर्षी गावात आलेला सरकारी डॉक्टर सांगून गेला होता, तुझा काही दोष नाही, मी बोलले ते रागाच्या भरात बोलले.  दोन वर्षं ही पोर एकटी हे ओझं घेऊन धुऱ्यावरून फिरत होती आणि आपण तिच्या पायाला तेल चोळत बसलो, या विचारानं तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सगुणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले मालूम हाये, माय. तसं काही नसते. पण पाहून आल्याबिगर जीव राह्यत नाई. वाटते, आता बा जाईन. नाई तं तू जाशील."

आणि उठून तिनं विचारलं, जरा खाली जाऊन येऊ का? भागीरथेनं मान हलवली. नाही म्हणण्याचा काही उपयोग नव्हता, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा पुरतं उमगलं. पोरीला समजावण्यासारखं जे होतं ते पोरीला आधीच समजलेलं होतं.

मुखरूला सांगणार नाही असं कबूल केलं होतं, तरी दुपारी तिनं त्याला सांगितलं.  लटारूचं नाव निघालं की तो नेहमीच गप्प व्हायचा. मग उठता उठता एवढंच म्हणाला, की नव्या घरी नवी माणसं, नवं वातावरण, पोर आपोआप विसरेल. त्याला तसं वाटत होतं म्हणून नाही, तर तसं वाटायला हवं होतं म्हणून.

सोमवारी वच्छलाबाई आली. भैयाजी पुढं, मागं ती काळी छत्री घेऊन. पन्नाशीची, अंगानं रोड, उन्हानं रापलेली बाई. भागीरथेनं मनात एक खाष्ट सासू उभी केली होती, ती ही नव्हती. तिच्याही पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या आणि ती धुऱ्यावर उभी राहताना हळूच वजन टाचेवर घेत होती. बाई नुसती दमलेली होती. भागीरथेला ते बघून बरं वाटलं. दमलेल्या बाईशी बोलता येईल, असं तिला वाटलं.

सगुणी ओळीत होती. हात चांगला चालत होता. पण अर्धी ओळ झाली आणि ती उठली, धुऱ्यावरून खाली गेली, आली, पुन्हा गेली. ओळीतल्या बाया एकमेकींकडं बघून हसल्या, पाहुणीला दाखवायला पोरगी आज जोरात आहे म्हणून. भैयाजीला तर हर्ष मावेना. बघा, बघा, सांगायला लागत नाही, असं तो दहादा म्हणाला. मुखरू लांब बैलांशी उभा राहून सगळं बघत होता.  वच्छलाबाई पोरीच्या खेपा मोजत असावी. पाचव्या खेपेला तिनं छत्री मिटली आणि लुगड्याचा काष्टा वर खोचला.

भागीरथा ओळ सोडून धावली. चिखलातून धावता येत नाही, तरी ती धावली आणि बाईचा पाय चिखलात पडायच्या आत तिचा हात धरला. मग पाण्याच्या निमित्तानं तिला पळसाच्या झाडाखाली घेऊन गेली. भैयाजी मागं येऊ लागला तर त्याला म्हणाली, आम्हा बायकांचं बोलणं आहे, तुम्ही बैलांकडं बघा.

तिथं तिनं सगळं सांगितलं. लटारूचं, त्या संध्याकाळचं, कडीचं, विस्तवाचं, झाकलेल्या ताटांचं. पोर कामसू नाही, पोर दुखणाईत आहे, हे शब्द तिनं पहिल्यांदा तोंडातून काढले. तुमच्याकडं आली तर ती मरेल, असंही म्हणाली. विहिणीशी असं कुणी बोलत नाही. पण मुलीच्या आईनं स्वतःच्या मुलीत खोट सांगितली की समोरचा माणूस माघार घेतो, एवढा तिचा जगाचा अनुभव होता.

वच्छलाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा डोळ्याला पदरही लावला. मग म्हणाली, "बाई, पोरगी सारखी सारखी जाते हे माह्या कानावर आलं होतं. म्हणून तं आली."

वच्छलाबाई पळसाच्या मुळीवर टेकली.

"माह्यी बांधी तलावाच्या शेवटाले हाये. वरचे लोक पाणी खाली येऊ देत नाई. आलं तं कोणी तोंड फोडून नेते. नवरा गेला तवापासून मी सात वर्षं धुऱ्यावर बसली हावो. माह्या पोराले झोप प्यारी. गडी ठेवला तं गडी झोपते." तिनं पाय चोळला. "तुही पोरगी नाई झोपणार. मी तिले बोल नाई लावणार, जेवाले वाढीन, पोटच्या पोरीसारखी ठेवीन. पण आता माह्याच्यानं होत नाई."

ती खोटं बोलत नव्हती, आणि तेच भयंकर होतं. तिनं खरोखरच पोरीला वाढलं असतं, तेल चोळलं असतं. आणि रोज धुऱ्यावर पाठवलं असतं. भागीरथेनं हात जोडले. दुसरी बघा म्हणाली. वच्छलाबाईनं तिच्या हातांवर हात ठेवला आणि मुखरूभाऊंचा होकार आहे ना, असं हळूच विचारलं. मग उठली. तिनं पुन्हा काष्टा खोचला आणि बांधीकडं निघाली. चार पावलांवर चिखल होता. तिकडं भैयाजीनं मुखरूला हातानं खूण केली, मुखरूनं डोक्याचं मुंडासं सारखं केलं.

भागीरथेच्या हाताशी आता एकच शब्द उरला होता.

ती मोठ्यानं म्हणाली, "बाई, पाय नका घालू. पोरीले बाहेरचं हाये. पुजाऱ्यानं तांदूळ टाकून पाह्यलं. पाण्याजवळचं लागलं हाये तिले."

वच्छलाबाईचा पाय तसाच मागं आला. ओळीतल्या सगळ्या बायांचे हात थांबले. एक बाई उभी राहिली, मग दुसरी. हातातल्या रोपांच्या जुड्या त्यांनी धुऱ्यावर ठेवल्या आणि बांधीतून बाहेर निघू लागल्या.  मुखरू बैलांपासून हलला नाही. आणि त्याच वेळी भागीरथेला दिसलं, की सगुणी खालून परत आली आहे आणि पळसाच्या पलीकडं, हात चिखलानं भरलेले, उभी राहून आईकडं बघते आहे. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दोन वर्षं जे तिला आतून वाटत होतं ते आज कुणीतरी मोठ्या माणसानं बोलून दाखवलं होतं, एवढंच.

सोयरीक मोडली. पुजाऱ्यानं उतारा काढला, कोंबडं घेतलं, आणि वर म्हणाला की आधीच सांगितलं असतं तर वेळ आली नसती. उरलेली रोवणी मुखरूला आणि भागीरथेला दोघांनाच करावी लागली, कारण ओळीत यायला कुणी तयार नव्हतं. रोपं पिवळी पडेपर्यंत ती चालली. सगुणीनं बांधीत पाय ठेवायचा नाही, असं पंचांनी सांगितलं. ती घरी राहिली. मुखरूनं बायकोशी बोलणं टाकलं. त्याला शब्दच सुचत नव्हते की सुचलेले शब्द तो गिळत होता, कोण जाणे. जेवायचा, उठायचा, शेतात जायचा.

पोर धुऱ्यावरून सुटली, हे भागीरथा स्वतःला सांगायची. पण दुखणं धुऱ्यात नव्हतंच. संध्याकाळी ती घरी आली की पोर दारात उभी असायची. आधी विचारायची, तोंड बुजवलं? बुजवलं. पाह्यलं? पाह्यलं. आणि मग, पाय धुवायच्याही आधी, दुसरा प्रश्न यायचा.

"माय, तू त्या बाईले खोटं सांगतलं ना?"

"खोटं सांगतलं."

"माह्यात काही नाई ना?"

"काही नाई."

पोरीचा चेहरा तेवढ्यापुरता सैल व्हायचा. भाजी चिरताना पुन्हा विचारायची. भात उतरवताना पुन्हा. भागीरथा पुन्हा सांगायची. आधी ती जवळ घेऊन सांगायची, मग नुसती सांगायची, मग काम करता करता मागं न बघता सांगायची. एकदा तिनं चिडून उत्तरच दिलं नाही, तर पोर भिंतीला धरून थरथरायला लागली. तेव्हापासून उत्तर चुकवायचं नाही हे तिनं ठरवून टाकलं. दिवाळी गेली, धान कापून झालं, मंडईच्या जत्रेला सगळं गाव नाटक बघायला गेलं, आणि ही उत्तरं चालूच होती. एकच गोष्ट तिला खायची. आपण आहोत तोवर ठीक. आपल्यामागं या पोरीला खोटं होतं म्हणून सांगणारं कोण? गावात तर एकही माणूस नव्हता. इतक्यांदा तोच शब्द उच्चारून आता कधीकधी तिच्या स्वतःच्या कानालाही तो पोकळ लागायचा.

पौषात तिला हुडहुडी भरून ताप आला. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी दुपारी ती पडवीत आडवी झाली ती उठेचना. घसा पार बसला होता. सगुणी उशाशी बसली होती आणि आईकडं बघत होती. आईला ताप, म्हणजे तिच्या डोक्यात काय चाललं असेल हे भागीरथेला न विचारताही कळत होतं. आणि पोरीनं विचारलंच. भागीरथेनं ओठ हलवले, आवाज फुटला नाही. सगुणीनं पुन्हा विचारलं, आवाज चढवून. पुन्हा.  भागीरथेनं मान हलवून सांगायचा प्रयत्न केला, पण मान हलवलेली पोरीला पुरत नव्हती. तिला शब्द हवा होता.

अंगणात मुखरू सुंभाची दोरी वळत बसला होता. पाच महिने तो घरात मोजून चार शब्द बोलला होता. त्यानं वर पाहिलं नाही. दोरी वळता वळताच तो म्हणाला, "खोटं सांगतलं तुह्या मायनं. तुह्यात काही नाई."

 सगुणी बापाकडं वळली. तोही कधी हे बोलेल असं तिनं धरलंच नव्हतं.

"अन् माय?"

"मायले हिवताप हाये. तो डासानं होते. उद्या मी गोळ्या आणतो."

"अन् लटारू?"

मुखरूचा हात थांबला.  हे नाव त्यानं कितीतरी दिवसांत तोंडानं घेतलं नव्हतं.

"लटारूलेही हिवतापच होता," तो म्हणाला. "तुह्या हातानं काही नाई झालं."

 सगुणीनं पहिल्यापासून परत विचारलं. मुखरूनं पहिल्यापासून परत सांगितलं. आवाज दमलेला होता, पण त्यानं एकही शब्द गाळला नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा सांगितलं. भागीरथा डोळे मिटून ऐकत होती. चौथ्या वेळेला तिच्या लक्षात आलं की आज उत्तर आपल्याला द्यायचं नाही. तिनं कूस बदलली, गोधडी कानापर्यंत ओढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी ती गाढ झोपली.